गडद निळ्याची दोन शतके
ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या क्रीडापरंपरेचा इतिहास

जून २०२७ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांमधल्या क्रिकेट सामन्याला दोनशे वर्षे पूर्ण होतात. त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांच्या बोट रेसची द्विशताब्दी येते. या दोनशे वर्षांत ऑक्सफर्डने ऑलिंपिकवीर दिले, क्रिकेटचे कर्णधार दिले, एका मैलाचा अशक्य मानलेला विक्रम दिला. पण या परंपरेची खरी थोरवी पदकांच्या यादीत सापडत नाही. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट विद्यार्थ्यांनी सुरू केली, विद्यार्थ्यांनी चालवली आणि अडचणीच्या वेळी विद्यार्थ्यांनीच तोलून धरली. कुलगुरूंचे परिपत्रक निघाले आणि खेळ सुरू झाले, असे ऑक्सफर्डमध्ये घडलेले नाही.

एक पत्र, दोन विद्यापीठे

क्रिकेट आणि बोट रेस या दोन्हींच्या मुळाशी एकच नाव आहे, चार्ल्स वर्ड्‌स्वर्थ. कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ यांचा हा पुतण्या ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात शिकत होता आणि त्याचे वडील केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख होते. साहजिकच सत्र ऑक्सफर्डला आणि सुट्टी केंब्रिजला, असा त्याचा दोन्हीकडे राबता होता. हॅरो शाळेतले त्याचे सोबतीही दोन्ही विद्यापीठांत विखुरलेले होते. या ओळखीपाळखीच्या जोरावर त्याने जून १८२७ मध्ये लॉर्ड्‌सवर सामना जमवून आणला. पावसाने तो अनिर्णित राहिला, पण वर्ड्‌स्वर्थने स्वतः सात बळी घेतले.

सुट्टीत केंब्रिजला गेला की तो तिथल्या मित्रांबरोबर नदीवर वल्हवायलाही जाई. चार्ल्स मेरिव्हेल हा त्यांतलाच एक. दोघांच्या बोलण्यातून शर्यतीची कल्पना निघाली आणि १२ मार्च १८२९ रोजी केंब्रिजच्या मुलांनी रीतसर ठराव करून ऑक्सफर्डला आव्हानाचे पत्र धाडले. १० जून १८२९ रोजी हेन्ली गावाजवळ टेम्सवर शर्यत झाली. काठावर वीस हजारांच्या आसपास माणसे जमली होती, असे त्या काळचे वर्णन आहे. सुरुवातीलाच दोन्ही बोटी एकमेकींवर आदळल्या, शर्यत पुन्हा सुरू करावी लागली आणि ऑक्सफर्डने ती आरामात जिंकली.

ऑक्सफर्डच्या बोटीत ख्राइस्ट चर्चच्या मुलांचे वजन होते. त्यांच्या कॉलेजचा गडद निळा तोच पुढे सबंध विद्यापीठाचा रंग झाला. केंब्रिजचा फिकट निळा १८३६ च्या दुसऱ्या शर्यतीत आला, तोही निघता निघता बोटीच्या टोकाला बांधलेल्या फितीच्या रूपाने. १८४५ मध्ये शर्यत लंडनमधल्या पटनी ते मॉर्टलेक या पट्ट्यात हलली आणि १८५६ पासून, महायुद्धांचा काळ आणि २०२० हे वर्ष सोडले तर, ती दरवर्षाची झाली. हे अंतर चार मैल ३७४ यार्ड, म्हणजे सुमारे ६.८ किलोमीटर आहे.

या शर्यतीने काय काय पाहिले! १८७७ मध्ये ती चक्क बरोबरीत सुटली. १९१२ मध्ये वादळी पाण्यात दोन्ही बोटी बुडाल्या. ऑक्सफर्डची बोट १९२५ आणि १९५१ मध्येही बुडाली. केंब्रिजने १९२४ ते १९३६ अशी सलग तेरा वर्षे विजय मिळवला, तर ऑक्सफर्डने १९७६ ते १९८५ अशी सलग दहा. २०२५ पर्यंतचा हिशेब केंब्रिज ८८, ऑक्सफर्ड ८१ आणि एक बरोबरी असा आहे. गडद निळ्यांची बाजू सध्या उणी आहे, हे इतिहास लिहिताना झाकून ठेवण्याचे कारण नाही.

आयसिसवरची आठ माणसे

बोट रेस जगाला दिसते ती वर्षातून एकदा. ऑक्सफर्डचा रोजचा खेळ मात्र कॉलेजांच्या पातळीवर चालतो. हे विद्यापीठ म्हणजे तीसहून अधिक स्वायत्त कॉलेजांचा मेळ. जवळजवळ प्रत्येक कॉलेजाचा स्वतःचा बोट क्लब आहे आणि त्यांच्यातल्या खेळांच्या चषक स्पर्धांना सगळे ‘कपर्स’ म्हणतात. शहरातून वाहणाऱ्या टेम्सला तिथे आयसिस हे नाव आहे. नदी इतकी अरुंद की दोन मोठ्या बोटी शेजारी शेजारी जेमतेम धावतील, सहा-सात तर नाहीतच. यातून मुलांनी एक युक्ती काढली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ती चालू आहे आणि ब्रेझनोज व जीझस या दोन कॉलेजांमधली १८१५ ची चुरस ही तिची पहिली ज्ञात नोंद मानतात.

इफ्ली गावाच्या बंधाऱ्याजवळ एका गटातल्या बारा-तेरा बोटी एकामागे एक उभ्या राहतात. दोन बोटींमध्ये साधारण दीड बोटीचे अंतर असते. बोटीत आठ वल्हेकरी आणि त्यांच्यासमोर तोंड करून बसलेला, सुकाणू सांभाळणारा कॉक्स. वल्हेकऱ्यांची पाठ पुढे असते, त्यामुळे पुढची बोट किती लांब आहे हे एकट्या कॉक्सलाच दिसते. काठाला बांधलेल्या दोरीचे दुसरे टोक त्याच्या हातात असते. बोट प्रवाहात तिरकी होऊ नये म्हणून तो ते घट्ट धरून बसतो आणि तोफेचा बार झाला की सोडून देतो. मग एकच काम उरते. मागची बोट टेकायच्या आत पुढच्या बोटीला जाऊन टेकायचे. टेकले की ‘बंप’ झाला. दुसऱ्या दिवशी बंप करणारी बोट बंप झालेल्या बोटीच्या जागी येते. असे चार दिवस चालते. चारही दिवस बंप करणाऱ्या चमूला आपल्या नावांनी रंगवलेले वल्हे मिळवण्याचा मान असतो.

या शर्यती वर्षातून दोनदा होतात. हिवाळ्याच्या शेवटी ‘टॉर्पिड्‌स’ आणि मे महिन्यात ‘समर एट्‌स’. गेल्या वर्षी बोट ज्या क्रमांकावर थांबली, तिथूनच यंदाची सुरुवात होते. म्हणजे आज रांगेत उभा असलेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आपल्या आधीच्या शंभर तुकड्यांनी कमावलेली किंवा घालवलेली जागा सांभाळत असतो. आयुष्यात कधी वल्हे न धरलेली मुले-मुली कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या बोटीत बसतात आणि सत्र संपेपर्यंत पहाटे साडेपाचला उठायला शिकतात. निवडक खेळाडूंच्या विद्यापीठ संघाखाली हा असा रुंद पाया आहे. तो नसता तर वरचा मनोराही उभा राहिला नसता.

पायी धावण्याची पैज

मैदानी स्पर्धांची कथाही अशीच सुरू होते. १८५० मध्ये एक्सेटर कॉलेजची काही मुले भाड्याच्या घोड्यांवरून अडथळ्यांची शर्यत खेळून परतली. घोडी अगदीच बेतास बात निघाली होती. रात्री गप्पा मारताना कुणीतरी म्हणाले की यापेक्षा आपण आपल्याच पायांवर धावू. लगेच नियम ठरले आणि काही दिवसांतच शेताडीतून, कुंपणे आणि ओढे ओलांडत दोन मैलांची शर्यत झाली. हॅलिफॅक्स वायट हा विद्यार्थी तीत पहिला आला. अर्वाचीन मैदानी स्पर्धांच्या इतिहासात एक्सेटरच्या या शर्यतीला आजही मानाचे स्थान आहे. १८६० मध्ये विद्यापीठाच्या पातळीवर अ‍ॅथलेटिक क्लब उभा राहिला. ५ मार्च १८६४ रोजी ख्राइस्ट चर्चच्या मैदानावर केंब्रिजशी पहिला सामना झाला आणि १८७६ मध्ये इफ्ली रोडवर क्लबची स्वतःची धावपट्टी आली.

याच क्लबातून एक फार मोठी सुधारणा निघाली. त्या काळात लंडनच्या अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लबच्या नियमानुसार कारागीर, यंत्रकामगार आणि मजूर यांना ‘हौशी’ खेळाडू म्हणून धावताच येत नसे. अंगमेहनत करून पोट भरतो एवढ्याच कारणाने माणूस स्पर्धेबाहेर! क्लेमेंट जॅक्सन, माँटेग्यू शेअरमन आणि बर्नहार्ड वाइज या तीन ऑक्सफर्डकरांनी यावर हालचाल केली. जॅक्सन हा हर्टफर्ड कॉलेजचा अध्यापक आणि स्वतः अडथळ्यांच्या शर्यतीचा नामांकित धावपटू, तर वाइज हा क्लबचा विद्यार्थी अध्यक्ष. २४ एप्रिल १८८० रोजी ऑक्सफर्डच्याच रँडॉल्फ हॉटेलात बैठक झाली आणि अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. कामगारांना बाहेर ठेवणारे कलम नव्या संस्थेने घेतले नाही. श्रीमंतांचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठातल्या माणसांनी मैदानाचे दार सर्वांसाठी उघडले, याचे मोल पदकांहून कमी नाही.

जॅक्सनचा पुतण्या अर्नल्ड जॅक्सन ब्रेझनोज कॉलेजात शिकला आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १,५०० मीटरचे सुवर्ण घेऊन आला.

निळा मान

केंब्रिजविरुद्ध खेळणाऱ्याला ‘ब्लू’ मिळतो. हा मान आहे, नोकरी किंवा शिष्यवृत्ती नाही. काही खेळांना पूर्ण ब्लू, काहींना अर्धा, अशी प्रतवारी आहे आणि कुणाला कोणता द्यायचा याचे नियम वेगवेगळ्या खेळांच्या विद्यार्थी कर्णधारांच्या समित्या ठरवत आल्या. गडद निळा कोट अंगावर चढला की त्या मुलाची ओळख आयुष्यभरासाठी ठरून जाई. वसाहतींच्या नोकरशाहीत आणि शाळांच्या मास्तरकीत ‘ऑक्सफर्ड ब्लू’ या दोन शब्दांना पदवीइतकेच वजन होते.

या ब्लूंचा अड्डा म्हणजे व्हिन्सेंट्‌स क्लब. १८६३ मध्ये तो ब्रेझनोजच्या वॉल्टर ब्रॅडफर्ड वुडगेटने स्थापन केला. हा वुडगेट मोठा खटपट्या. चार वल्हेकऱ्यांच्या बोटीत कॉक्सचे नाहक वजन कशाला, असे त्याचे मत होते. १८६८ च्या हेन्ली स्पर्धेत नियमाप्रमाणे त्याने कॉक्स बोटीत बसवला आणि शर्यत सुटताच त्याला पाण्यात उडी मारायला लावली. फ्रेडरिक वेदर्ली हा तो कॉक्स, पुढे गीतकार म्हणून नावारूपाला आला. ब्रेझनोजची बोट मोठ्या फरकाने पहिली आली आणि बाद ठरली. पण वुडगेटचे म्हणणे खरे होते. काही वर्षांतच कॉक्सविना चौघांची शर्यत हेन्लीत रीतसर सुरू झाली.

फुटबॉलमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संघाने १८७४ मध्ये इंग्लंडचा एफ. ए. कप जिंकला. अंतिम सामन्यात रॉयल इंजिनिअर्स हा लष्करी संघ २-० असा हरला. रग्बीचा केंब्रिजशी पहिला सामना १८७२ चा. आणि एकाच माणसात हे सगळे खेळ पाहायचे असतील तर वॉडम कॉलेजचा सी. बी. फ्राय आठवावा. क्रिकेट, फुटबॉल आणि अ‍ॅथलेटिक्स या तिन्हींचा तो ब्लू होता. रग्बीचा ब्लू दुखापतीने हुकला. १८९३ मध्ये इफ्ली रोडवर त्याने २३ फूट साडेसहा इंच लांब उडी मारून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. पुढे ससेक्सकडून केंब्रिजच्या रणजितसिंहांच्या जोडीने त्याने केलेली फलंदाजी इंग्लिश क्रिकेटच्या सुवर्णकाळाचा भाग झाली.

६ मे १९५४

१९४६ च्या शरदात सतरा वर्षांचा रॉजर बॅनिस्टर वैद्यकशास्त्र शिकायला एक्सेटर कॉलेजात आला. १९४७ मध्ये केंब्रिजविरुद्ध त्याची निवड झाली ती तिसऱ्या क्रमांकाचा मैल धावपटू म्हणून, म्हणजे आपल्या संघातल्या इतरांना वेग लावून देण्यापुरती. तो पुढेच राहिला आणि ४ मिनिटे ३०.८ सेकंदांत जिंकला. पुढे क्लबचा अध्यक्ष झाल्यावर त्याने पहिले मोठे काम हाती घेतले ते इफ्ली रोडच्या धावपट्टीचे. जुनी पट्टी तीन फेऱ्यांत मैल होणारी, उंचसखल. तिच्या जागी ४४० यार्डांची, सहा रांगांची पट्टी व्हावी म्हणून त्याने पाठपुरावा केला आणि ती १९५० मध्ये खुली झाली. चार वर्षांनी याच पट्टीवर त्याने इतिहास घडवला.

मैलाचा जागतिक विक्रम स्वीडनच्या गुंडर हेगने १९४५ मध्ये ४ मिनिटे १.४ सेकंदांवर नेऊन ठेवला होता. नऊ वर्षे तो तिथेच अडला होता. १९५४ पर्यंत बॅनिस्टर लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर होता. ६ मेच्या सकाळी त्याने तिथल्या प्रयोगशाळेतल्या सहाणेवर बुटांचे खिळे पाजळले आणि राखेच्या पट्टीचा कोळसा चिकटू नये म्हणून त्यांना ग्रॅफाइट घासले. मग ऑक्सफर्डची गाडी पकडली. दिवसभर जोराचा वारा होता. संध्याकाळी सहाच्या सुमारास शर्यत होती आणि विक्रमाचा प्रयत्न करायचा की नाही, हे शेवटच्या काही मिनिटांपर्यंत ठरत नव्हते. शेजारच्या चर्चच्या मनोऱ्यावरचा झेंडा फडफडायचा थांबल्याचे त्याने पाहिले आणि ठरवले, धावायचे.

अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक असोसिएशन विरुद्ध ऑक्सफर्ड विद्यापीठ असा तो वार्षिक सामना होता. सहा जण धावले. विद्यापीठाचे दोन विद्यार्थी आणि पाहुण्या संघाचे चार, त्यांत बॅनिस्टर. ठरल्याप्रमाणे केंब्रिजचा ख्रिस ब्रॅशर पुढे झाला. पहिली फेरी ५७.५ सेकंदांत, अर्धा मैल १ मिनिट ५८.२ सेकंदांत. मग ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजचा ख्रिस चॅटअवे पुढे आला. पाऊण मैल झाला तेव्हा घड्याळात ३ मिनिटे ०.७ सेकंद होते, म्हणजे शेवटची फेरी एकोणसाठ सेकंदांत हवी होती. तीनशे यार्डांच्या आसपास उरले असताना बॅनिस्टर चॅटअवेला मागे टाकून सुटला आणि फीत तोडून कोसळला. ध्वनिक्षेपकावर नॉरिस मॅक्‌व्हर्टर होता, तोही ऑक्सफर्डचा जुना धावपटू. त्याने निकाल मुद्दाम लांबवत सांगितला आणि ‘तीन मिनिटे’ एवढे कानांवर पडताच सुमारे तीन हजार प्रेक्षकांच्या गजरात पुढचे आकडे बुडून गेले. वेळ होती ३ मिनिटे ५९.४ सेकंद.

विक्रम सेहेचाळीस दिवसच टिकला. ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने तो २१ जूनला मोडला. ऑगस्टमध्ये व्हँकुव्हरला बॅनिस्टरने लँडीला समोरासमोर हरवले, त्या वर्षअखेर धावणे थांबवले आणि मज्जाविकारतज्ज्ञ म्हणून उरलेले आयुष्य वैद्यकाला दिले. १९८५ ते १९९३ तो ऑक्सफर्डच्या पेंब्रोक कॉलेजचा प्रमुख होता. ब्रॅशरने १९५६ मध्ये स्टीपलचेसचे ऑलिंपिक सुवर्ण घेतले आणि पुढे लंडन मॅरेथॉनच्या संस्थापकांत त्याचे नाव लागले. इफ्ली रोडच्या धावपट्टीला आता बॅनिस्टरचे नाव आहे.

सातासमुद्रापलीकडून आलेले

१९०३ पासून ऱ्होड्‌स शिष्यवृत्तीने परदेशी विद्यार्थ्यांची रीघ लागली. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींतून आणि तिथल्या लोकांच्या पिळवणुकीतून उभा राहिलेला तो पैसा होता, आणि निवडीच्या निकषांत अभ्यासाबरोबर मर्दानी मैदानी खेळांची आवडही होती. महिलांना तिचे दार १९७७ पर्यंत बंद होते. या वाटेने न्यूझीलंडचा जॅक लव्हलॉक एक्सेटर कॉलेजात आला. १९३३ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला त्याने मैलाचा जागतिक विक्रम केला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये १,५०० मीटरचे सुवर्ण जागतिक विक्रमासह जिंकले.

भारतीयांची वाट वेगळी होती. रांचीजवळच्या मुंडा समाजातला जयपाल सिंग सेंट जॉन्स कॉलेजात आला, हॉकीचा ब्लू झाला आणि १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला गेलेल्या भारतीय हॉकी संघाचा कर्णधार ठरला. त्या संघाने भारताचे पहिले हॉकी सुवर्ण आणले. पुढे संविधान सभेत आदिवासींचा आवाज म्हणून देशाने त्याला ऐकले.

इफ्तिखार अली खान, म्हणजे थोरले पतौडी, बेलिअल कॉलेजचे. १९३१ च्या लॉर्ड्‌सवरील सामन्यात केंब्रिजच्या अ‍ॅलन रॅटक्लिफने २०१ धावा करून विक्रम केला. दुसऱ्याच दिवशी पतौडींनी नाबाद २३८ काढून तो मोडला. त्यांचा मुलगा मन्सूर अली खान १९६१ मध्ये ऑक्सफर्डचा पहिला भारतीय कर्णधार झाला. त्याच जुलैत होव्ह येथे मोटार अपघातात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, आणि त्याच वर्षअखेर तो भारताकडून कसोटी खेळला. १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात विजय मांजरेकर जायबंदी झाले, तेव्हा भारतीय संघाने ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या अब्बास अली बेगला बोलावून घेतले. ओल्ड ट्रॅफर्डवर पदार्पणातच त्याने ११२ धावा केल्या. मुंबईकडून खेळलेले जलदगती गोलंदाज रमेश दिवेचा हेही ऑक्सफर्डचे ब्लू. पतौडींचा २३८ चा विक्रम २००५ मध्ये सलिल ओबेरॉयने मोडला आणि २०१३ मध्ये सॅम अगरवालने नाबाद ३१३ केल्या. दोघेही ऑक्सफर्डचेच.

मुंबईशी एक जुना धागा आहे. ख्राइस्ट चर्चचा विद्यार्थी आणि ऑक्सफर्डचा क्रिकेट ब्लू लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. फोर्टच्या मैदानावर युरोपियनांचे पोलो चाले आणि घोड्यांच्या टापांनी देशी मुलांच्या क्रिकेटच्या खेळपट्ट्या उखडत. पारशी आणि हिंदू खेळाडूंनी त्याविरुद्ध अर्ज केले, तेव्हा हा क्रिकेटवेडा गव्हर्नर त्यांच्या बाजूने उभा राहिला नाही. तरीही मुंबईच्या शालेय क्रिकेटची ढाल त्याच्याच नावाने आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागी रचली, ती याच हॅरिस शील्डमध्ये.

मुलींची लढाई

ऑक्सफर्डने महिलांना पदव्या दिल्या १९२० मध्ये. महिलांची पहिली बोट रेस १५ मार्च १९२७ रोजी आयसिसवर झाली. दोन बोटी एकदम धावू देणे मुलींना शोभणारे नाही, अशी समजूत होती, म्हणून दोन्ही चमू वेगवेगळे वल्हवले आणि शैली व वेळ यांवर निकाल लागला. शैलीवर पंचांचे एकमत होईना, तेव्हा पंधरा सेकंदांच्या फरकाने ऑक्सफर्ड जिंकले. काठावर हुर्यो उडवणाऱ्यांची गर्दी कमी नव्हती. पुढे अनेक वर्षे महिलांच्या क्लबांकडे ना पुरेसा पैसा होता, ना चांगल्या बोटी.

१९८१ मध्ये वॉडम कॉलेजची स्यू ब्राउन पुरुषांच्या बोटीची कॉक्स झाली. बोट रेसमध्ये बसलेली ती पहिली महिला, आणि ऑक्सफर्ड त्या वर्षी आठ बोटींच्या अंतराने जिंकले. महिलांची शर्यत पुरुषांच्या बरोबरीने, त्याच दिवशी, त्याच लंडनच्या पट्ट्यात व्हायला मात्र ११ एप्रिल २०१५ उजाडावा लागला. ती पहिली लढत ऑक्सफर्डने जिंकली. दरम्यान ऑक्सफर्डमध्ये वैद्यकशास्त्र शिकताना आधुनिक पेंटॅथलॉनकडे वळलेल्या स्टेफनी कुकने २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये या खेळातले महिलांचे पहिलेवहिले सुवर्ण पटकावले होते.

१९८७ ची कसोटी

विद्यार्थ्यांच्या हाती कारभार देण्यात धोका असतो, हेही ऑक्सफर्डने अनुभवले. १९८६ मध्ये दहा वर्षांची विजयमालिका तुटली. पराभवाचा वचपा काढायला अनुभवी अमेरिकन वल्हेकरी आले. सरावाची पद्धत आणि बोटीतली निवड यांवरून त्यांचे प्रशिक्षक डॅन टोपोल्स्की आणि क्लबचा विद्यार्थी अध्यक्ष डोनाल्ड मॅक्डॉनल्ड यांच्याशी बिनसले. शर्यत काही आठवड्यांवर आली असताना त्यांनी वल्ही खाली ठेवली.

निर्णय झाला तो सर्व कॉलेजांच्या बोट क्लबांच्या कर्णधारांच्या सभेत. त्यांनी अध्यक्षाच्या बाजूने कौल दिला. राखीव फळीतल्या मुलांना घेऊन बोट बांधली गेली आणि २८ मार्च १९८७ रोजी खवळलेल्या पाण्यात, सगळे अंदाज केंब्रिजच्या बाजूने असताना, ऑक्सफर्ड चार बोटींच्या अंतराने जिंकले. या प्रकरणावर पुस्तक निघाले, चित्रपट निघाला आणि कोण बरोबर यावर वादही पुष्कळ झाले. पण पेच सुटला तो विद्यार्थ्यांच्या मतदानाने, याबद्दल वाद नाही. तीनच वर्षांनी मॅथ्यू पिन्सेंट ऑक्सफर्डच्या बोटीत बसला. १९९० आणि १९९१ मध्ये तो जिंकला, १९९३ मध्ये अध्यक्ष म्हणून हरला आणि १९९२ ते २००४ या चार ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णे घेऊन निवृत्त झाला.

आज

आता विद्यापीठाचा स्वतंत्र क्रीडा विभाग आहे, इफ्ली रोडवर जलतरण तलाव आणि व्यायामशाळा आहे, पगारी प्रशिक्षक आहेत. ऐंशीहून अधिक क्रीडा क्लब नोंदलेले आहेत. तरी प्रत्येक क्लबाला दरवर्षी नवा विद्यार्थी कर्णधार, नवा सचिव, नवा खजिनदार निवडावा लागतो. आठ आठवड्यांच्या सत्रात अभ्यास, सराव, वर्गणी, प्रवास आणि केंब्रिजशी पत्रव्यवहार हे सारे त्यांनाच निभावायचे असते. काही वर्षे बरी जातात, काही वाईट. पण काम शिकलेली पोरे दरवर्षी बाहेर पडतात.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांना ही रचना अनोळखी वाटू नये. आपल्याकडे जिमखाना आहे, जिमखाना सचिवाचे पद आहे, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहेत. त्या सचिवाच्या हाती खरोखर हिशेबाची वही, मैदानाचे वेळापत्रक आणि संघनिवडीतला आवाज सोपवावा, आणि त्याने चूक केली तर ती निस्तरायलाही त्यालाच वेळ द्यावा, एवढी विनंती या इतिहासाच्या निमित्ताने प्राचार्यांना आणि क्रीडासंचालकांना करावीशी वाटते.